माझ्याच अर्जाला दिलेले उत्तर

पूर्व दिल्लीतील कचेरीच्या भिंतीला लागून कडुनिंबांची एक ओळ होती आणि तिच्या सावलीत आम्हा अर्जनवीसांची दुसरी ओळ बसत असे. कडुनिंब आजही आहेत. आमच्या टेबलांच्या जागी आता मोबाइलची कव्हरे विकणारा बसतो. लोक हातातल्या फोनवरूनच तक्रार पाठवतात, त्यांना एक क्रमांक मिळतो, आणि क्रमांक मिळाला म्हणजे दाद लागली अशी त्यांची समजूत होते. मी कुणाला दोष देत नाही. परंतु ज्या काळी तक्रारीला आरंभ, मध्य आणि शेवट असे, त्या काळाचा मी साक्षीदार आहे, आणि विनयाने सांगायचे तर त्या ओळीतील एक मान्यवर लेखक होतो. म्हणून जे आठवते ते लिहून ठेवणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. खरे शिक्षण त्याआधीच झाले होते. वडील एका मंत्रालयात शिपाई होते आणि आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. मुलाने पाठकोऱ्या बाजूवर गणिते सोडवावीत या हेतूने वडील कार्यालयातले रद्द कागद घरी आणत. मी कोरी बाजू तशीच ठेवून छापील बाजू वाचत बसे. ‘उपरोक्त विषय के संदर्भ में’, ‘यथोचित कार्यवाही हेतु’, ‘सहानुभूतिपूर्वक विचार किया जाए’ ही शब्दरत्ने मला वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी गवसली. सरकारी हिंदी मी अशी आईच्या भाषेच्या बरोबरीने शिकलो. पुढे याच भाषेने मला पोसले.

आमच्या ओळीचे काही दंडक होते. लिहिलेला अर्ज सही किंवा अंगठ्यापूर्वी अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवायचा, हा पहिला. ज्याचा अर्ज लिहिला त्याच्याच प्रतिपक्षाचे उत्तर आपल्या हाताने लिहायचे नाही, हा दुसरा, आणि तो पहिल्याहून कडक होता. तो मोडणाऱ्याशी कुणी पाण्याच्या बाटलीचीही देवघेव करत नसे. माझ्या उजव्या हाताला बसणारे वृद्ध उस्ताद त्या दंडकाचे राखणदार होते. माझी स्वतःची पद्धत तिसरी, आणि ती मीच प्रचारात आणली: अर्ज एका कार्यालयाकडे न धाडता सर्वोच्च स्थानापासून खालच्या स्थानापर्यंत सर्वांना एकाच दिवशी धाडायचा, आणि अखेरीस ‘प्रतिलिपी’ या शीर्षकाखाली त्या सर्वांची नावे उतरत्या क्रमाने द्यायची. खालच्या अधिकाऱ्याने अर्ज हातात घेतला की आपल्या डोक्यावर कोण कोण उभे आहे हे त्याला दिसले पाहिजे. माझ्या टेबलाच्या काचेखाली मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचे हिंदी पत्रक होते. पुस्तकमेळ्यातून फुकट मिळालेले ते पत्रक पाहून अनेक अर्जदार आपोआप आवाज खाली आणत.

त्याच काळात मी मयूर विहारमधील एका सहकारी गृहनिर्माण सोसायटीचाही पत्रव्यवहार पाहत होतो. तिथे पुण्या-मुंबईची बरीच कुटुंबे होती आणि सोसायटीचे सेक्रेटरीही पुण्याचेच. ते एका मोठ्या कंपनीत अधिकारी होते. इंग्रजी त्यांच्या तोंडी सहज असे, पण पाण्याच्या जोडणीबद्दल सरकारी हिंदीत चार ओळी लिहायच्या म्हटल्या की त्यांचे पेन अडे. मग मेट्रो स्टेशनाकडे जाता जाता ते माझ्या खोलीवर डोकावत, ‘‘लेखक, एक लेटर ड्राफ्ट करायचंय यार,’’ म्हणत आणि दारातच उभे राहून मजकूर सांगत. मी सोसायटीमागच्या वस्तीत भाड्याने राहत होतो. वरच्या खोलीत लातूरकडची एक मुलगी राज्यशास्त्र घेऊन केंद्रीय लोकसेवेच्या परीक्षेची तयारी करत होती. एका प्रतिज्ञापत्राच्या निमित्ताने तिची नि माझी ओळख झाली होती, आणि ती मला काका म्हणत असे.

एके दुपारी त्या सोसायटीत पोळ्या करणाऱ्या बाई माझ्या टेबलाशी आल्या. त्या परभणीकडच्या. नवरा फरशी बसवण्याच्या कामावर दिल्लीत आला, त्याच्याबरोबर त्या आल्या आणि इथल्या मराठी घरांना घडीच्या पोळ्या देऊ लागल्या. जाड रोट्यांना कंटाळलेली घरे त्यांच्यासाठी रांगेत असत. सेक्रेटरींचे घरही त्यांच्याच हातचे जेवत होते.

त्यांचे म्हणणे असे होते. सोसायटीच्या फाटकावर कामवाल्या बायकांची जाताना झडती होई. पिशवी उघडायची, डबा उघडायचा, कुणी काही दिले असेल तर त्या मॅडमच्या सहीची पर्ची दाखवायची. आदल्या दिवशी कुण्या घरातून मिळालेली एक जुनी साडी त्यांच्या पिशवीत होती आणि पर्ची नव्हती. सुरक्षारक्षकाने साडी काढून फाटकाच्या दांडीवर टाकली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, कुणाची आहे, असे विचारू लागला. बाईंनी साडी उचलली, घडी घातली आणि पिशवी पुन्हा उघडायला नकार दिला. त्यांचा फाटकाचा पास तिथल्या तिथे काढून घेण्यात आला. पास नाही तर आत प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही तर एकाही घरचे काम नाही.

‘‘दादा, रोज डबा उघडून बघतात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्यात काय असतं? त्यांचीच कालची भाजी. घरात सोनं आहे हे आम्हाला माहीत नव्हतं, त्यांच्या गार्डानंच सांगितलं.’’

त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. पास परत हवा होता, आणि पिशवी उघडायची नव्हती. दुसरी गोष्ट सोडली तर पहिली त्याच संध्याकाळी मिळाली असती. सेक्रेटरींनी तसा निरोपही पाठवला होता. त्या दुसरी सोडायला तयार नव्हत्या.

मी टंकलेखन यंत्रावर कागद चढवला. जाहीरनाम्याचे बारावे कलम माझ्या डोळ्यांसमोर होते: कुणाच्याही खाजगी जीवनात मनमानी हस्तक्षेप होता कामा नये, कुणाच्या प्रतिष्ठेवर आघात होता कामा नये. फाटकाच्या दांडीवर टाकलेल्या साडीत मला हे कलम लख्ख दिसले. मी जिनिव्हा येथील संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाला उद्देशून आरंभ केला. मानवजातीच्या सुप्त विवेकाला साद घातली. अर्जदार ही अबला, परप्रांती, श्रमजीवी असल्याचे सांगितले. दुपार संपत आली तेव्हा अर्ज चार पाने झाला होता.

संध्याकाळी तो मी वरच्या खोलीतल्या मुलीला दाखवला. तिने वाचला आणि कपाळाला हात लावला.

‘‘काका, जिनिव्हाला असं थेट जाता येत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘आधी देशातले सगळे मार्ग संपवावे लागतात. शिवाय वैयक्तिक तक्रारीचा जो पुरवणी करार आहे ना, त्यावर आपल्या देशाने सहीच केलेली नाही. तिथून काहीही येणार नाही.’’

मी तिला शांतपणे विचारले की देशातले सगळे मार्ग म्हणजे कोणते. तिने सांगितले: सोसायट्यांवर देखरेख ठेवणारे कार्यालय, जिल्हा प्रशासन, आयोग, न्यायालय. मी ते सर्व माझ्या प्रतिलिपींत घातले.

‘‘एकानंतर एक संपवायचे असतात, काका. एकाच दिवशी नाही.’’

‘‘माणसाचा पास एकाच दिवशी काढून घेतात,’’ मी म्हणालो.

तिने पुढे वाद घातला नाही, मात्र विशेषणांवर बोट ठेवले. विशेषणांवाचून अर्ज म्हणजे मीठ नसलेली आमटी, कोणताही अधिकारी तो पहिल्या ओळीतच बाजूला सारतो, असे मी तिला अनुभवाने सांगितले. दुसऱ्या दिवशी ओळीतल्या दंडकाप्रमाणे अर्ज बाईंना वाचून दाखवला, मराठीतून समजावला. ‘अबला’ हा शब्द आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, पण सही केली. अर्ज रवाना झाला.

त्यानंतरचे आठवडे मला अजून आठवतात. बाई रोज सकाळी सवयीने वस्तीतून निघत आणि फाटकासमोरच्या बसथांब्यावर बसत. इतर कामवाल्या बायका आत जाताना त्यांच्याकडे पाहत आणि संध्याकाळी बाहेर पडताना पिशव्या उघडून दाखवत. सोसायटीतील काही सभासदांना वाईट वाटत होते, मी जाणतो. एक-दोघांनी मला तसे खाजगीत सांगितलेही. पण सभेत बोलायला कुणी तयार नव्हते. सभा तरी कुठे होत होती. सोसायटीची निवडणूक कित्येक वर्षांत झालेली नव्हती, तीच समिती आपल्यालाच मुदतवाढ देत आली होती आणि घरोघरी सर्वांना ते सोयीचे होते. मतदान करायला रांग लावणारी, देशाच्या लोकशाहीवर जेवणाच्या टेबलावर तासभर बोलणारी ही सुशिक्षित माणसे स्वतःच्या इमारतीत मत मागायचे विसरून गेली होती. ज्यांच्या पिशव्या उघडल्या जात त्यांना तर मत असण्याचा प्रश्नच नव्हता.

मग एका सकाळी सेक्रेटरी माझ्या दारात उभे राहिले. हातात माझाच अर्ज होता. त्याच्या वर वेगवेगळ्या कार्यालयांचे शिक्के बसले होते, समासात ‘पुढील कार्यवाहीसाठी’ असे तीन निरनिराळ्या शायांत लिहिलेले होते, आणि सर्वांत शेवटी एक पत्र टाचलेले होते. सोसायट्यांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाने ते पाठवले होते. तक्रारीतील मुद्द्यांवर सोसायटीच्या सेक्रेटरीने स्वतः अहवाल सादर करावा, असा त्यात आदेश होता. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडेच चौकशी आली होती. आमच्या धंद्यात हे नवे नाही. वरून सोडलेले पाणी उतारानेच येते आणि उताराच्या तळाशी नेहमी तोच माणूस बसलेला असतो.

‘‘हे तुम्हीच लिहिलंय ना?’’ ते म्हणाले. ‘‘मानवजातीचा सुप्त विवेक. दुसऱ्या कुणाला सुचणार आहे अख्ख्या मयूर विहारात?’’

मी लेखनाचे श्रेय नाकारले नाही.

‘‘छान. आता उत्तरही तुम्हीच लिहा. लिहा, आरोप निराधार आहेत. जिनिव्हा काय, यार. माझ्या घरी महिना झाला ब्रेड चाललाय, बायको माझ्याशी बोलत नाही, आणि तुम्ही मला जिनिव्हात नेऊन उभं केलंत.’’

ते गेल्यावर मी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. दुसरा दंडक स्पष्ट होता. मी नकार दिला तर सेक्रेटरी ओळीतल्या दुसऱ्या कुणाकडे जातील, तो तीन ओळींत ‘आरोप निराधार’ लिहून देईल, फाइल बंद होईल, आणि बाई बसथांब्यावर बसलेल्या राहतील. मी होकार दिला तर ज्या टेबलाने मला नाव दिले त्याच टेबलाचा नियम मी मोडणार. मी कचेरीबाहेर गेलो आणि उजव्या हाताच्या उस्तादांना सर्व सांगितले. ते पान लावत होते. सुपारी कातरून झाल्यावर त्यांनी विचारले, ‘‘जिसकी अर्ज़ी थी, उससे पूछा?’’

मी बाईंना विचारले नव्हते.

‘‘नियम उसी के लिए है,’’ ते म्हणाले. ‘‘वो छोड़ दे तो तू छूट गया.’’

बाई थांब्यावरच भेटल्या. मी त्यांना समजावून सांगितले की उत्तर माझ्या हातून जाणार असेल तर त्यात काय असावे हे काही अंशी माझ्या हाती राहील. पण नियमाने हा अधिकार त्यांचा आहे, त्या नाही म्हणाल्या तर मी लेखणी उचलणार नाही.

‘‘लिहा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण माझा अर्ज वाचून दाखवलात तसं हेही वाचून दाखवा. त्यांच्याआधी मला.’’

प्रतिपक्षाचे उत्तर अर्जदाराला आधी वाचून दाखवण्याचा प्रकार आमच्या ओळीच्या इतिहासात झाला नसेल. मी त्या संध्याकाळी माझ्या आयुष्यातील सर्वांत कठीण मसुदा तयार केला. अशा उत्तराचे दोनच शेवट असतात: आरोप निराधार आहेत, किंवा कार्यवाही करण्यात आली आहे. मी दुसरा निवडला. समितीने अर्जदाराच्या हलाखीचा दयाबुद्धीने विचार करून तिचा पास परत केला असून फाटकावरील तपासणीची प्रथा थांबवली आहे, असे लिहिले. मला ते वाक्य फार साधले होते. सेक्रेटरींचा मान राहत होता, बाईंचे काम होत होते आणि वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येण्याची सोय होती.

माझ्या खोलीत बाई, वरची मुलगी आणि मी असे तिघे बसलो. मी वाचत गेलो आणि मराठीत सांगत गेलो. ‘दयाबुद्धीने’ या शब्दाशी बाईंनी मला थांबवले.

‘‘दया कशाला?’’

मी म्हणालो की ती भाषेची रीत आहे, त्याने सेक्रेटरींना सही करणे सोपे जाईल.

‘‘तुमच्या त्या काचेखालच्या कागदात दया लिहिली आहे का?’’

मी त्या मुलीकडे पाहिले. ती भिंतीकडे पाहत होती, पण तिचे खांदे हलत होते. मला जाहीरनाम्याची सर्व कलमे मुखोद्गत होती. त्यात तो शब्द नव्हता.

‘‘आज दया आली म्हणून थांबवलं, तर उद्या दया आटली की परत सुरू,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आणि माझी हलाखी कशाला लिहिता? माझ्या हलाखीनं काही पिशवी उघडली नव्हती. गार्डानं उघडली.’’

मी शब्द खोडले. खोडल्यावर वाक्य असे उरले: पिशव्यांची तपासणी करण्याचा समितीस अधिकार नव्हता, ती बंद करण्यात आली आहे, अर्जदाराचा पास परत करण्यात आला आहे. मुलीने आणखी एक ओळ सुचवली की यापुढे असा कोणताही नियम सर्वसाधारण सभेपुढे ठेवल्याशिवाय आणि ज्यांना तो लागू होणार त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय केला जाणार नाही. मी ती घातली. मसुदा अगदी ओकाबोका दिसत होता. माझ्या नावाला शोभेसे त्यात काहीच उरले नव्हते, फक्त अखेरची प्रतिलिपींची यादी माझी होती. त्यात मी दोन नोंदी केल्या: अर्जदार, आणि सोसायटीचा सूचना फलक.

सेक्रेटरींनी दारात उभ्या उभ्या मसुदा वाचला. अधिकार नव्हता, या शब्दांवर ते अडकले.

‘‘हे काय? हे तर कबूल केल्यासारखं झालं. निराधार लिहायचं ठरलं होतं.’’

मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि माझ्या सर्व अनुभवाच्या वजनाने सांगितले की निराधार लिहिले की वरचे कार्यालय खातरजमेला माणूस पाठवते. तो माणूस फाटकावर उभा राहतो. मग तो सोसायटीच्या कार्यालयात येऊन सभेचे इतिवृत्त मागतो. मग शेवटची निवडणूक केव्हा झाली ते विचारतो.

सेक्रेटरींनी मसुदा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला.

‘‘आणि कार्यवाही केली लिहिलं तर?’’

‘‘तर ते पत्र फाइलला लागतं आणि कुणी येत नाही. फक्त लिहिलेलं खरं असावं लागतं. प्रत तिच्याकडेही जाते.’’

‘‘तिच्याकडे कशाला?’’

‘‘अर्जदार आहे ती.’’

‘‘बिल्कुल वकील झालात हो तुम्ही,’’ ते म्हणाले. त्यांनी माझेच पेन मागून घेतले. सही करताना म्हणाले की उद्या सकाळी सातला तिला पाठवा, आमच्याकडे आधी. मी सांगितले की कोणाकडे आधी जायचे ते त्या ठरवतील.

जिनिव्हाहून कधी काही आले नाही. वरच्या खोलीतल्या मुलीचे अजूनही म्हणणे आहे की काम खालच्या कार्यालयाच्या प्रतीने झाले, आणि माझे म्हणणे आहे की खालचे कार्यालय हलले ते पहिल्या ओळीत जिनिव्हाचे नाव पाहूनच. ती आता गुरुग्राममध्ये एका कंपनीत नोकरी करते. परीक्षेचा नाद तिने सोडला. कधी फोन आला की आम्ही तोच वाद पुन्हा काढतो, आणि मला त्यात फार बरे वाटते. उस्ताद राहिले नाहीत. माझे यंत्र पलंगाखाली आहे, त्याच्या फितीला आता कुठे शाई मिळत नाही. कडुनिंबाखाली हिवाळ्याच्या उन्हात बसलेली ती माणसे, दुपारच्या वेळी एकाच सुरात चालणारी ती यंत्रे, शेजाऱ्याच्या डब्यातून येणारा लोणच्याचा वास, आणि समोर बसून आपलेच दुःख दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मान हलवणारा अर्जदार, हे सर्व आठवले की मला त्या ओळीत पुन्हा एकदा बसावेसे वाटते.

बाई कामावर परतल्या त्या संध्याकाळी मी फाटकासमोर उभा होतो. लेखकाने आपल्या अर्जाचा शेवट पाहायचा नसतो, पण त्या दिवशी मला राहवले नाही. उत्तराची प्रत सूचना फलकावर लागली होती. साडेपाचच्या सुमारास आतून बायका निघाल्या, पाच-सहा जणी, आणि बाई सर्वांत पुढे. रक्षक खुर्चीतून उठला. त्याचा हात नेहमीप्रमाणे पुढे आला, मग काय करावे न सुचून त्याने तो फाटकाच्या कडीवर ठेवला आणि कडी काढली. बाई बाहेर आल्या.

त्यांच्या मागच्या बायका मात्र थांबल्या. कुणी सांगितले नव्हते तरी प्रत्येकीने आपापली पिशवी पुढे घेतली, पिशवीचे तोंड उघडले आणि ती रक्षकासमोर धरून उभी राहिली. एकीने डब्याचे झाकणही काढले. रक्षक त्या उघड्या पिशव्यांकडे पाहत राहिला आणि मग दुसरीकडे पाहू लागला. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, कुणीतरी हॉर्न वाजवत होते.

बाई मागे वळल्या. पुन्हा फाटकाच्या आत गेल्या. पहिल्या बाईच्या हातातले झाकण घेऊन त्यांनी ते डब्यावर दाबून बसवले, मग एकेकीपाशी जाऊन पिशव्यांची तोंडे बंद केली. कुणाची चेन ओढली, कुणाच्या पिशवीचे बंद आवळून गाठ मारली. शेवटच्या बाईची चेन बिघडलेली होती, ती लागेना, तेव्हा त्यांनी तिचा पदर ओढून पिशवीवर टाकला आणि तिला दंडाला धरून बाहेर आणले.